बत्तीस डिसेंबर

मला कोणी ठोकळा म्हटले तर मला मुळीच राग येत नाही मित्रांनो, कारण मी आहेच ठोकळा. छापखान्यातला एक जुना, शिशाचा ठोकळा. लांबी करंगळीच्या दोन पेरांएवढी आणि डोक्यावर 'डिसेंबर' हा अख्खा शब्द, तोही उलटा. शाई लावून मला कागदावर दाबले की मी सुलटा उमटतो. इतका सरळ स्वभाव हल्ली फारसा पाहायला मिळत नाही.

माझा जन्म १९४७ साली एका ओतशाळेत झाला. शिसे वितळवून त्यात कथील आणि थोडा अँटिमनी नावाचा धातू मिसळला, तो रस साच्यात ओतला आणि आम्ही बारा भावंडे गार होऊन बाहेर पडलो. जानेवारी, फेब्रुवारी अशी सगळी. त्यातला 'मे' इतका किरकोळ, की त्याला शोधायला चष्मा लागायचा. तिथून आमची रवानगी झाली एका सायंदैनिकाच्या छापखान्यात. उंच खिडक्यांची लांबलचक खोली, उतरत्या फळ्यांवर खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, पेट्या, पेट्यांना शेकडो खण आणि सगळीकडे शाईचा आणि रॉकेलचा वास. 'क', 'त', 'र' या अक्षरांचे खिळे दिवसभर राबायचे. आम्ही महिने मात्र वर्षातून एकदाच कामाला. माझी पाळी आली की 'क' कुचकटपणे म्हणायचा, "आले जावई." मी कानाडोळा करायचो.

कारण माझी जागाच तशी मानाची होती. पहिल्या पानावर, वर्तमानपत्राच्या नावाखाली: आधी वार, मग आकडा, मग मी, मग साल. आणि माझ्या बरोबर खाली एक छोटी चौकट असायची, 'आजच्या दिवशी' नावाची. पूर्वी याच तारखेला जगात काय घडले ते तिच्यात छापत. डिसेंबरभर मी ती चौकट वरून वाचायचो. अभ्यास न करता माझा इतिहास पक्का झाला तो असा.

सायकलींचे दुकान चालवणारे दोन भाऊ १७ डिसेंबर १९०३ रोजी स्वतः बनवलेल्या यंत्रात बसून हवेत उडाले, तेही जेमतेम बारा सेकंद. १४ डिसेंबर १९११ रोजी माणूस पहिल्यांदा दक्षिण ध्रुवावर पोहोचला. पण तिथे ना तारयंत्र, ना टपाल. बातमी जगाला कळली ती पुढच्या मार्चमध्ये. त्यामुळे आमचा 'मार्च' उगाचच मिशीला पीळ द्यायचा. तीच गत ट्रान्झिस्टरची. माझ्या जन्माच्या वर्षी, २३ डिसेंबरला, एका प्रयोगशाळेत तो वरिष्ठांना चालवून दाखवला गेला. पण त्यांनी ती गोष्ट पोटात ठेवली आणि जाहीर केली जूनच्या अगदी शेवटी. म्हणजे कष्ट डिसेंबरचे आणि मिरवायला जून. अजूनही आठवले की मी थोडा तापतो. सुदैवाने १० डिसेंबर १९४८ ची गोष्ट लगेच छापून आली. सगळी माणसे जन्मतःच मोकळी आणि सारख्या मानाची आहेत, असे त्या दिवशी जगातल्या देशांनी एकत्र बसून मान्य केले. ती बातमी माझ्या नावाखाली छापली, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले होते.

आता माझ्या माणसांकडे वळतो. आमचे खिळे जुळवणारे होते मुंगीकाका. मान खाली घालून, एकेक खिळा उचलून, न थांबता ते ओळ भरत जायचे, म्हणून हे नाव. त्यांच्या समोरच्या टेबलावर प्रुफे तपासायला भिंगमास्तर बसायचे. चुकलेला स्वल्पविराम त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा, असे सगळे म्हणत. मास्तर चूक शोधून लाल पेन्सिलीने खूण करायचे, मुंगीकाका ती दुरुस्त करायचे आणि मग दोघे एकाच किटलीतला चहा प्यायचे.

दोघांच्याही चेहऱ्यावर खोल वण होते. लहानपणी देवीच्या साथीत दोघांना गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेजारशेजारच्या खाटांवर ठेवले होते. देवी हा रोग तुम्ही पाहिलेला नाही मित्रांनो, आणि पाहणारही नाही. का, ते पुढे येईलच. त्या शेडमध्ये तिसऱ्या खाटेवर मुंगीकाकांची धाकटी बहीण होती. दोघे मुलगे बरे होऊन घरी आले. ती आली नाही. तेव्हापासूनची ही दोस्ती, म्हणून मास्तर काकांना "मुंग्या" म्हणायचे आणि काका त्यांना अरेतुरे करायचे. संपादकांनाही "अहो मालक" म्हणणाऱ्या त्या खोलीत एवढेच एक अरेतुरे चालायचे.

डिसेंबर १९६७ मध्ये जगात एक अचाट गोष्ट घडली. एका माणसाचे हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हृदयच हृदय. आमच्या पेटीत 'हृ' मोजकेच होते; एरवी ते लागतात कोणाला? दुपारपर्यंत सगळे संपले. शेजारच्या छापखान्यातून उसने आणले, तेही संपले. शेवटी मालकांनी हुकूम काढला, की उरलेल्या ठिकाणी 'काळीज' लिहा. मास्तर आणि मुंगीकाका त्या दिवशी पोट धरधरून हसले.

काकांच्या घरीही त्या डिसेंबरात धाकधूक होती. लग्नाला कितीतरी वर्षे होऊन पहिल्यांदाच पाळणा हलायचा होता. एकतीस तारखेला संध्याकाळी काकूंना दवाखान्यात नेले. काका रात्रभर तिथल्या बाकावर होते. सकाळी नर्सबाईंनी त्यांना कामावर पिटाळले, कारण ते येरझारा घालून बाकीच्यांनाही घाबरवत होते.

छापखान्यात आल्यावर त्यांचे हात आपोआप चालू लागले, पण डोके दवाखान्यातच होते. तारखेची ओळ रोज नवी जुळवत नाहीत बरे का. कालची ओळ तशीच ठेवायची, वार बदलायचा आणि आकडा एकाने वाढवायचा, एवढेच काम. काकांनी रविवार काढला, सोमवार बसवला. एकतीस काढले आणि बत्तीस बसवले. मी ओळीत ताठ उभाच राहिलो. मला बोलता आले असते तर मी बोललो असतो का, हे मात्र विचारू नका. एक दिवस जास्त मिळत होता.

तेवढ्यात दवाखान्यातला शिपाई दारात आला. मुलगी झाली होती आणि मायलेकी दोघी सुखरूप होत्या. काकांचा जीव भांड्यात पडला आणि ते शाईच्या हातांनीच धावत सुटले. मास्तरांनी पहिल्या पानाचे प्रूफ घेतले. ओळ न् ओळ वाचली, लाल खुणा केल्या. तारखेची ओळ मात्र त्यांनी वाचली नाही. कोणीतरी विचारले, तर म्हणाले, "तारीख मुंग्याची असते. ती काय बघायची?"

आणि संध्याकाळी गावभर वर्तमानपत्र पोहोचले: सोमवार, ३२ डिसेंबर १९६७.

काय सांगू मित्रांनो! शाळेतल्या मुलांनी बत्तीस तारखेला गृहपाठ नसतो असे ठरवून टाकले. एक आजोबा काठी टेकत छापखान्यात आले आणि तेहतीस कधी, अशी गंभीर चौकशी करून गेले. मालकांना मात्र हसू आले नाही. त्यांनी सगळ्यांसमोर मास्तरांना विचारले, "मास्तर, स्वल्पविराम शोधता आणि अख्खा महिना सुटतो?"

 इतक्या वर्षांत मास्तरांच्या हातून चूक सुटली नव्हती, आणि सुटली ती अशी डोंगराएवढी. त्याच वेळी मुंगीकाका खडीसाखरेचा पुडा घेऊन हसत हसत आत आले. आधी काय घडले त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. दारातच कोणीतरी त्यांना तारीख दाखवली होती आणि ते आनंदाने इतके फुलले होते, की त्यांना त्यातही गंमतच वाटली. मास्तरांच्या तळहातावर साखर ठेवून ते म्हणाले, "मास्तर, पोरीसाठी एक दिवस जास्तीचा काढला बघ."

मास्तरांना वाटले, याने मुद्दाम केले आणि वर माझी थट्टा करतोय. त्यांनी खडीसाखर टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि ते निघून गेले. मुंगीकाकांना वाटले, माझ्या घरी इतक्या वर्षांनी लेक आली आणि याने तोंडही गोड केले नाही. त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला.

अबोला धरणे सोपे असते मित्रांनो. एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसून तो पाळणे अवघड. बिचाऱ्या मशीनवाल्याची मधल्यामध्ये तारांबळ उडायची. मास्तर त्याला सांगायचे, "त्यांना सांग, दुसरी ओळ सैल आहे." काका चार हातांवरच बसलेले असायचे, तरी मशीनवाल्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. किटली एक होती, तिच्या दोन झाल्या. आणि मास्तरांनी एक नवी सवय लावून घेतली. प्रूफ हातात आले की सर्वांत आधी तारखेची ओळ वाचायची आणि तिच्याशेजारी लाल पेन्सिलीने मोठी बरोबरची खूण करायची. ती खूण रोज काकांच्या टेबलावर यायची. तिला दुरुस्ती काहीच लागायची नाही; ती नुसती टोचायची.

या अबोल्यापायी एकदा चंद्रही उलटा झाला. १९६८ च्या डिसेंबरात तीन माणसे चंद्राला फेऱ्या मारून आली आणि तिथून काढलेला पृथ्वीचा फोटो जगभर छापला गेला. आमच्याकडे तो उलटा बसवला होता. मास्तरांनी ते ओळखले, पण सांगणार कसे? त्यांनी फोटोखालच्या ओळीजवळ 'उलटे आहे' अशी लाल खूण केली. काकांना वाटले, खूण ओळीतल्या 'चंद्र'च्या 'च'ला आहे. त्यांनी चांगला उभा असलेला 'च' उचलून उलटा केला. वर्तमानपत्रात पृथ्वी उलटी आणि 'च'ही उलटा! एक शब्द तोंडाने बोलले असते, तर दोन्ही सुलटे झाले असते.

काकांची लेक मात्र मजेत वाढत होती. गावाने तिचे नाव बत्तिशी ठेवले होते. तोंडात एकही दात नसल्यापासून ती बत्तिशी. शाळा सुटली की ती छापखान्यात यायची आणि मास्तरांच्या टेबलाजवळून जाताना थबकायची. मास्तर चष्म्यावरून तिच्याकडे बघायचे, खणातून एक लिमलेटची गोळी काढून टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि पुन्हा प्रुफात डोके घालायचे. ती गोळी उचलायची. काका हे सारे पाहायचे आणि न पाहिल्यासारखे करायचे. मला ते पाहून फार वाईट वाटायचे. दोन चांगली माणसे, मधे चार हात जागा, आणि ती ओलांडायला कोणी तयार नाही.

मग आले १९७९ साल. मालकांनी प्रकाशाने अक्षरे जुळवणारे नवे यंत्र मागवले. नव्या वर्षापासून खिळ्यांचे काम बंद, सगळे शिसे ओतशाळेला परत, असे त्यांनी जाहीर केले. मुंगीकाका टपालाच्या खोलीत जाणार होते आणि मास्तर घरी बसणार होते. मला वितळायची भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. आता एकाच खोलीत बसण्याचे कारणही संपत होते. डिसेंबर संपायच्या आत हे दोघे बोलले नाहीत, तर मग कधीच बोलणार नव्हते.

दहा डिसेंबरला, सोमवारी सकाळी, तारेवर एक बातमी आली. मालकांनी कागद मुंगीकाकांच्या हातात दिला आणि मोठा मथळा करा म्हणाले. काकांनी तो वाचला आणि ते स्टुलावर बसले. आदल्या दिवशी जगभरच्या तज्ज्ञांनी एका कागदावर सह्या करून सांगितले होते, की देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. एकही रोगी कुठे उरलेला नाही. पुढच्या मे महिन्यात त्याची रीतसर घोषणा झाली म्हणे, पण बातमी आधी माझ्या वाट्याला आली होती.

काकांनी पेटीतले सर्वांत मोठे खिळे काढले. असे खिळे आम्ही फक्त युद्धासाठी आणि निवडणुकीसाठी वापरायचो. एकेक खिळा त्यांनी फडक्याने पुसून मग बसवला. एरवी झरझर चालणारे त्यांचे हात त्या दिवशी हळू चालले. मथळा होता, 'देवी गेली'. खाली सगळी बातमी जुळवली, तारखेची ओळ बसवली, प्रूफ काढले आणि त्या दिवशी मशीनवाल्याला हाक न मारता ते स्वतः चार हात चालत गेले आणि कागद मास्तरांच्या टेबलावर ठेवला. 

मास्तरांनी लाल पेन्सिल उचलली. सवयीप्रमाणे ती आधी माझ्याकडे आली, तारखेच्या ओळीकडे. पण ती टेकायच्या आधी त्यांची नजर मथळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी बातमी वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. खोलीत सगळे थांबून बघत होते. मास्तर प्रूफ घेऊन उठले आणि काकांच्या पेटीसमोर जाऊन उभे राहिले.

"मुंग्या," ते म्हणाले, "तारीख तू बघ. मला दिसत नाहीये."

काकांनी कागद हातात घेतला. त्यांनाही नीट दिसत होते असे नाही. तो डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "दहा डिसेंबर. बरोबर आहे."

"दहाच ना? नीट बघ. बत्तीस नाही ना?"

आणि काका हसले. आधी हसले आणि मग रडले, की आधी रडले आणि मग हसले, ते मला नक्की सांगता येणार नाही. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ती असायला हवी होती रे आज," एवढेच ते म्हणाले, आणि तिसऱ्या खाटेवरच्या बहिणीबद्दल ते बोलत आहेत हे काकांना सांगावे लागले नाही. त्या दिवशी वर्तमानपत्र उशिरा निघाले आणि एक किटली कायमची रिकामी झाली. मशीनवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला तो अख्ख्या खोलीला ऐकू आला.

एकतीस डिसेंबरला ओतशाळेची माणसे खोकी घेऊन आली. खण उपडे झाले. 'क' गेला, 'मार्च' गेला, 'जून' गेला, बारीकसा 'मे' तर पडताना वाजलाही नाही. तेव्हा मला कळले की भांडत भांडत आम्ही एकमेकांना किती जीव लावला होता. मी वाचलो, कारण मी खणात नव्हतोच. शेवटच्या अंकाचे पान अजून बांधलेले होते आणि त्यात मी कामावर होतो. ते पान सोडवताना एक हात पुढे आला आणि त्याने मला उचलून खिशात टाकले. खिशात लाल पेन्सिल आणि लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्यावरून तो हात कोणाचा ते मी ओळखले.

दुसऱ्या दिवशी एक जानेवारी, बत्तिशीचा वाढदिवस. ज्या घरात तिच्या बारशालाही मास्तर आले नव्हते, तिथे ते सकाळीच हजर झाले. काकूंनी दार उघडले आणि काही न विचारता चहा टाकला. मास्तरांनी मला रुमालातून काढून बत्तिशीसमोर ठेवले. मग पिशवीतून घडी पडून पिवळा झालेला एक अंक काढला. तोच तो, ३२ डिसेंबरचा. इतकी वर्षे त्यांनी तो जपून ठेवला होता.

त्यांनी लाल पेन्सिल काढली, तारखेच्या ओळीशेजारी मोठी बरोबरची खूण केली आणि अंक मुंगीकाकांच्या हातात दिला.

"एवढं एक प्रूफ वाचायचं राहिलं होतं," मास्तर म्हणाले. "आज वाचलं. चूक नाही."

मग त्यांनी बत्तिशीकडे वळून खडीसाखर मागितली. ती घरात नव्हती. काकूंनी साधी साखर दिली, आणि ती त्यांनी तिथेच उभ्याने खाल्ली.

आता बत्तिशीचे केस पिकले आहेत. ती एका आरोग्यकेंद्रात लहान मुलांना लस टोचते. मी तिच्या टेबलावर असतो. मला ती मुलांच्या हातात देत नाही, कारण शिसे अंगाला चांगले नाही. पण जे मूल टोचून घेताना रडत नाही, त्याला ती कागदाच्या तुकड्यावर माझा छाप उमटवून देते. जे रडते, त्याला दोन देते. ऐन जूनमध्येही गावात डिसेंबर वाटला जातो. 'क' हे पाहायला हवा होता; आता मला कोणी जावई म्हणणार नाही.

आणि दरवर्षी एक जानेवारीला तिच्या घरी बत्तीस डिसेंबर असतो. भिंतीवर तो पिवळा अंक लाल खुणेसह लावलेला आहे. त्याच्याखाली बसून घरातले सगळे वर्षभरात राहून गेलेले एक काम करतात. कोणी रुसलेल्या मावशीला फोन लावतो, कोणी शेजाऱ्याची सहा महिने पडून असलेली शिडी माफी मागून परत करतो. नवे वर्ष त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि त्याने कोणाचेही काही बिघडलेले नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. मीही एक जुनी वस्तूच आहे. पण त्याहून जपा ती चार हातांवर बसलेली माणसे. आणि कोणाशी बोलायचे राहून गेले असेल, वर्ष संपले म्हणून हिरमुसले असाल, तर माझ्याकडे या. माझ्याकडे एक दिवस जास्तीचा आहे, आणि तो तपासून घेतलेला आहे.